वैशूची नथ आणि लिंकनशायरची वाळू

इंग्लंडला जाऊन आले म्हटल्यावर साताऱ्यातल्या बायका हमखास विचारतात, राजवाडा बघितला का, ते मोठं घड्याळ बघितलं का. यातलं मी काहीही बघितलेलं नाही. लंडन मला हीथ्रोच्या विमानतळापलीकडे दिसलंच नाही. मी तिथं जे पाहिलं ते बहुतेक खाली मान घालून पाहिलं. ओली वाळू, नांगरलेली माती, शिंपले, कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या आणि पुढे चालणाऱ्या माझ्या भावाच्या टाचा. मान अजून दुखते.

मी गेले होते भावाला घरी आणायला, हे आधीच सांगून टाकते. धाकटा भाऊ, श्रीनिवास, आमचा बाळू. साठी उलटली तरी बाळूच. तरुणपणी लेस्टरला गेला, रेल्वेच्या सिग्नलचं काम करणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून राहिला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याची बायको वैशाली, आमची वैशू, दोन वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी मुक्ता एडिनबराला हॉस्पिटलात नोकरी करते. म्हणजे घरात बाळू एकटा. आमच्या ह्यांनी वरची खोली रंगवून घेतली, गीझर बसवला आणि मला मुंबईला विमानावर सोडताना बजावलं, "एकटी परत येऊ नकोस."

बाळू कधी नाही म्हणायचा नाही. फोनवर एवढंच म्हणायचा, "नथ सापडली की येतो, ताई."

ती नथ कुठं आणि कशी गेली ते सांगायला हवं. आमच्याकडे गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून खडे वेचून आणायचे, आणताना तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, घरी त्यांची पूजा करायची आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात पोचवायचे. वैशूनं हे लेस्टरमध्येही सोडलं नाही. गावातल्या नदीचे खडे तिच्या पसंतीस उतरेनात, म्हणून गाडी काढायला लावून ती थेट लिंकनशायरच्या समुद्रावर जायची. येताना दोन तास मौन. बाळू म्हणायचा, "वर्षातून तेवढाच मला गाडीत रेडिओ ऐकायला मिळतो." ताम्हनात खडे मांडायची, हळदकुंकू वाहायची, कापसाचं गेजवस्त्र घालायची आणि सगळ्या गौरींना मिळून आपली एक नथ ठेवायची. जिथून आणल्या तिथंच नेऊन पोचवायच्या, हा तिचा हट्ट. "माहेरवाशिणीला भलत्याच घरी सोडायचं का, वन्सं?" असं मला विचारायची.

ती गेली त्या वर्षी गौरी आणल्या नाहीत. पुढच्या वर्षी बाळूनं आणल्या. पुरुषमाणूस, एकटा. येताना गाडीत मौन पाळायची अडचण नव्हती, बोलायला होतं कोण? घावनं तव्याला चिकटली, घाटल्याची खीर झाली, पण केलं त्यानं सगळं. तिसऱ्या दिवशी ताम्हनातलं होतं तसं खणात गुंडाळलं, गाठ मारली, समुद्रात गुडघाभर पाण्यात जाऊन खण सोडला आणि खडे वाहिले. वैशू आधी नथ उचलून डबीत ठेवायची आणि मग खड्यांना हात लावायची. पण ती हे करायची तेव्हा बाळू दर वर्षी गाडीत पेट्रोल भरायला गेलेला असायचा. त्याला ते कधी दिसलंच नव्हतं. घरी येऊन देवघर आवरताना नथेची डबी हाती लागली. रिकामी.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं धातू शोधायचं मशीन विकत घेतलं.

लेस्टर

घर स्वच्छ होतं, याचाच मला राग आला. पसारा असता तर आवरायला तरी घेतला असता. वैशूचं स्वयंपाकघर तिनं लावलं होतं तसंच, मसाल्याच्या डब्यावर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, आणि दारामागे ते मशीन. लांब दांडा, खाली जेवणाच्या ताटाएवढी काळी थाळी, वर छोटा पडदा. चार्जिंगला लावलेलं. घरात तेवढीच एक जिवंत वस्तू असल्यासारखा त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

पहिल्याच संध्याकाळी मी माझा डाव टाकला. बाळूच्या लग्नात आईनं साताऱ्याच्या एकाच सराफाकडे दोन नथी करून घेतल्या होत्या, एक लेकीला, एक सुनेला. मोती तेवढेच, मधला लाल खडा तसाच, वळण तेच. पुढं तोंडं वाकडी व्हायला नकोत हा आईचा हिशेब. माझी नथ मी मुद्दाम बरोबर नेली होती. जेवणं झाल्यावर ती त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही घे. हीच ती समज. आणि चल घरी."

बाळूनं नथेकडे बघितलंसुद्धा नाही. पाण्याचा पेला उचलला, ठेवला. "ती तुझी आहे, ताई. आत ठेव. हरवशील."

"हरवायला मी काय तू आहे?" माझ्या तोंडून गेलं. जीभ चावली, पण बाण सुटला होता. तो रागावला नाही. उठून भांडी घासायला लागला. मला रडू आलं ते मी जागरणावर ढकललं.

मुक्ताचा फोन आला. पोरीचं मराठी आईकडून नुसतं ऐकून आलेलं, वाढली तिकडेच, त्यामुळे प्रेम भरपूर आणि लिंगं इकडची तिकडे. "आत्या, तू आला, मला खूप बरं वाटला," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "बाबा इज नॉट अनवेल, ओके? खातो, झोपतो, जीपीला, आय मीन डॉक्टरला, पण जाऊन आला. पण एव्हरी वीकेंड तो बीचवर जातो. माझ्याकडे एडिनबराला ये म्हटलं तर येत नाही. तू त्याला घेऊन जा ना इंडियाला. तो तुझं ऐकतो."

माझं ऐकतो! लहानपणी ऐकायचा, तेही मी कान धरल्यावर.

डेरेकचं शेत

समुद्रावर जायचं ते शनिवार-रविवारी. मधल्या वारी बाळू मशीन घेऊन डेरेकबरोबर शेतात जायचा. डेरेक म्हणजे सत्तरीचा, सडपातळ, खिशाखिशांचं जाकीट घातलेला गोरा गृहस्थ. पूर्वी बस चालवायचा, आता त्याला ह्याच छंदानं पछाडलंय. मला बघताच म्हणाला, "ऑल राइट, मी डक?" बाळूनं समजावलं की इकडे मायेनं सगळ्यांना बदकच म्हणतात. म्हटलं असेल बाई. आमच्याकडे मायेनं गाढव म्हणतात.

शेत त्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं होतं. परवानगीशिवाय कुणाच्या जमिनीत थाळी फिरवायची नाही, खणलेला खड्डा जसाच्या तसा बुजवायचा, गवताचं ढेकूळ परत थापून बसवायचं, आणि खरोखरचं जुनं सोनंनाणं सापडलं तर सरकारला कळवायचं, असे त्यांचे नियम. आमच्याकडे परसात हंडा सापडला तर शेजाऱ्यालासुद्धा कळवत नाहीत, असं मी म्हणाले. बाळूनं ते डेरेकला इंग्रजीत सांगितलं. तो इतका हसला की त्याला टेकायला कुंपण शोधावं लागलं.

मे महिना, तरी वारा असा की कानाचे तुकडे पडावेत. लांबवर पिवळीजर्द मोहरीसारखी शेतं, मध्ये झुडपांची हिरवी कुंपणं, आणि आभाळ अगदी खाली आलेलं. आपल्याकडे शेतात माणूस दिसतोच, कुणीतरी बांधावर उभं, कुणी गुरांमागे. इथं मैलभर कुणी नाही. मला भीतीच वाटली थोडी. एवढ्या मोकळ्या जागेत माझा भाऊ कानाला हेडफोन लावून एकटा फिरतो!

डेरेकनं त्याचं जुनं मशीन माझ्या हातात दिलं. थाळी जमिनीलगत, डावीकडून उजवीकडे, दळण चाळतो तशा एका लयीत हलवायची. मी हलवली मात्र, मशीन जे बोंबलायला लागलं ते थांबेचना. मी आनंदानं ओरडले, "सापडलं! सापडलं!" दोघं धावत आले. डेरेकनं खाली वाकून बघितलं, मग माझ्या हाताकडे बघितलं. मी नीट बघायला वाकले होते आणि माझ्या पाटल्या थाळीसमोर आल्या होत्या. बाळू हसला. मी आल्यापासून पहिल्यांदा हसला. माझा पोपट झाला त्याचं मला काही वाटलं नाही, उलट मी अजून दोनदा पाटल्या समोर धरल्या.

पाटल्या काढून ओढणीत बांधल्या आणि मग मला चटक लागली. खरं सांगते, लागतेच. कानात आधी नुसती खरखर, मग एकदम टुंग! छातीत धस्स होतं. वाकायचं, माती उकरायची, मूठभर माती थाळीपुढं धरून बघायची. मला मिळालं काय, तर एक खिळा, घोड्याच्या सामानाची गंजकी कडी आणि एक पितळी बटण. बटण डेरेकनं थुंकी लावून पुसलं आणि कुणा सैनिकाच्या कोटाचं असावं म्हणाला. कोण असेल, कुणी शिवलं असेल, बटण तुटल्यावर घरी बोलणी बसली असतील का? मी ते बराच वेळ मुठीत धरून होते. सराफकट्ट्यावरचे झारेकरी मला आठवले, दुकानांपुढची धूळ झाडून नेऊन पाण्यात धुवून सोन्याचे कण काढणारे. वाईच्या घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून नदीत सोडणारी पोरं आठवली. पण ते सगळे पोटासाठी करतात. हे लोक कशासाठी करतात ते मला त्या बटणाशी जरासं कळलं.

दुपारी बांधावर बसून चहा घेतला. मी नेलेली कडबोळी काढली. डेरेकच्या कवळीला ती झेपेनात, म्हणून त्यानं ती चहात बुडवून खाल्ली. आईनं बघितलं असतं तर तिला भोवळ आली असती. पण डबा त्यानंच रिकामा केला, त्यामुळे मी क्षमा केली.

किनारा

शनिवारी समुद्र. दोन तास गाडी, रस्ता सरळसोट, जमीन इतकी सपाट की डोंगर बघत वाढलेल्या माझ्यासारखीला टेकायला काही नाही असं वाटावं.

समुद्र म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गुहागर, हर्णे. माड, होड्या, मासळीचा वास. इथं ओहोटीला समुद्र इतका आत गेलेला की नुसती एक करडी रेघ दिसत होती. मधे ओली, चमकती वाळू, लाटा अडवायला ठोकलेल्या काळ्या लाकडी खांबांच्या रांगा, आणि कुत्री फिरवणारी चार माणसं. माणसं कुत्र्यांशी बोलत होती, एकमेकांशी नाही. एवढ्या थंडीत एक आजीबाई पोहायला निघाल्या होत्या. मी स्वेटरवर स्वेटर, वर वैशूचा कोट, पायात तिचेच रबरी बूट. आमचं दोघींचं माप एक. बाळूनंच ते काढून दिले होते, आणि मी ते घातल्यावर दुसरीकडे बघत होता.

"इथं," तो म्हणाला. "ह्या दोन खांबांच्या रांगांमध्ये. तिची जागा ठरलेली होती."

त्या पट्ट्याची परवानगी त्यानं काढलेली होती. मग सुरू झालं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत जायचं, एक पाऊल बाजूला सरकायचं, परत यायचं. नांगर चालवावा तसं. मी मागून. डेरेक पलीकडच्या पट्ट्यात. टुंग झालं की बाळू जाळीच्या फावड्यानं वाळू उचलून पाण्यात हलवायचा, वाळू गळून जायची आणि जाळीत काहीतरी उरायचं. कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी. एक नाणं. पुन्हा कडी. कुणाचा तरी चमचा. प्रत्येक वेळी माझा जीव वर-खाली. त्याचा चेहरा मात्र हलत नव्हता. सापडलं ते पिशवीत टाकायचं, वाळू सारखी करायची, पुढं. इतकं सापडूनही हवं ते नाही, आणि हा गडी कंटाळत नाही!

दुपारी धक्क्यावर चिप्स घेतल्या. वर व्हिनेगर ओततात, आणि सोबत हिरव्या वाटाण्याचं गरगट, अगदी बिनफोडणीच्या उसळीसारखं. बाळूनं खिशातून लाल तिखटाची पुडी काढली. "वैशूची सवय," म्हणाला. समुद्रपक्षी इतके आगाऊ की एकानं माझ्या हातातली चिप खसकन पळवली. मी मराठीत शिव्या घातल्या, त्याला कळल्या असाव्यात, कारण तो पुन्हा आला नाही.

"बाळ्या," मी म्हटलं, "समुद्र रोज दोनदा येतो नि जातो. वाळू काय एका जागी बसून राहतेय? नथ कुठल्या कुठं गेली असेल."

"असेल."

"मग?"

"मग काय? शोधायची."

"आणि नाहीच सापडली तर? मी वरच्या खोलीला कुलूप लावून ठेवू? मलाही आता पासष्ट झाली. जिना चढताना दम लागतो. तू आलास तर संध्याकाळी बोलायला कुणीतरी असेल. ह्यांना तर टीव्हीपुढं ऐकू येत नाही." मी चिप्स बाजूला सारल्या. "मला माझा भाऊ हवाय रे."

तो चिप्सचा कागद घड्या घालून लहान लहान करत राहिला. शेवटी तेच. "नथ सापडली की येतो, ताई. खरंच."

येताना गाडीत मी गप्प होते आणि माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. नथ सापडली की येतो ना? मग सापडेल. तशीच दुसरी माझ्या पर्समध्ये आहे. पाटल्यांनी मशीन कसं बोंबललं ते मी ऐकलंच होतं. खोटेपणा आहे हे मला कळत होतं. पण भाऊ घरी येणार असेल तर मी देवापुढंसुद्धा खोटं बोलले असते.

पुन्हा किनारा

रविवारी पोचल्या पोचल्या डेरेकनं बाळूला त्याच्या मशीनचा काहीतरी बिघाड दाखवायला थांबवलं. माझं नशीबच फळफळलं. "मी पुढं होते," म्हणून मी निघाले. बाळू सुरुवात करायचा तिथून थोड्या अंतरावर, एका खांबाच्या बरोबर समोर, मी बुटाची वादी बांधल्यासारखं केलं (त्या बुटांना वाद्या नसतात, पण लांबून कोण बघतंय) आणि नथ चार बोटं खोल वाळूत दाबली. वरून हात फिरवला. शेजारी एक लांबट शिंपला उभा रोवला.

बाळू आला. हेडफोन चढवले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मी त्याच्या पाठीशी, श्वास रोखून. आता वाजेल. थाळी शिंपल्याशी आली. शिंपल्यावरून गेली. पुढं गेली.

बाळूही पुढं गेला.

"अरे, थांब थांब!" मी म्हटलं. "इथं राहिलं वाटतं. परत फिरव जरा."

त्यानं मुकाट्यानं परत फिरवली. काही नाही. "जरा खाली धर ना! टेकव की!" त्यानं वाळूला टेकवून फिरवली. मशीन ठार मुकं. आईनं घडवलेली नथ मी माझ्या हातानं ह्या परक्या वाळूत पुरली होती आणि ती होती तिथून नाहीशी झाली होती!

बाळूनं हेडफोन गळ्यात उतरवले. शिंपल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ताई. काय पुरलंस?"

कप्पाळ. "नथ," म्हटलं. "माझी. तुला सापडावी म्हणून."

मला वाटलं आता चिडेल. तो खालीच बसला, ओल्या वाळूत. मशीन आडवं ठेवलं.

"नाही वाजणार ती," तो म्हणाला. "तुझ्या पाटल्या जाड आहेत. नथ म्हणजे केसासारखी तार आणि बाकी मोती. मोती ह्याला कळतच नाहीत. आणि खाऱ्या ओल्या वाळूत तेवढी बारीक तार असली काय, नसली काय, ह्या मशीनला सारखीच."

"तुला कसं माहीत?"

"अगं, मी जन्मभर सिग्नलचीच कामं केली. मशीन आणलं त्याच आठवड्यात तपासलं. वैशूचा जुना डूल वाळूत पुरून बघितला. नाही वाजलं."

मी त्याच्यासमोर तशीच बसले. कोट भिजला, भिजू दे. "म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक आहे? मग इतके महिने तू इथं काय शोधतोयस, बाळ्या?"

पलीकडे डेरेक पाठ करून उभा होता. तो मुद्दाम वळत नव्हता.

"तिच्या अस्थी नाशिकला सोडल्या," बाळू म्हणाला. "गर्दीत, घाईत, गुरुजी पुढच्याला हाका मारत होते. मी लगेच विमानात. घरात तिचं सगळं आहे, पण ते ठेवलेलं आहे, ताई. कपाटात. इथं तिची एक वस्तू कुठंतरी आहे, मोकळी. इथं चालायला लागलो की वाटतं ती पुढं गेलीय खडे वेचत, आणि बोलत नाहीये ते मौन आहे म्हणून." त्यानं नाक पुसलं. "मला सापडायला नकोय गं. सापडली की इथं यायचं कारण संपलं. मला तिची फार आठवण येते. रोज येते. कमी होईल म्हणतात, होत नाही."

मी त्याचं डोकं जवळ घेतलं. साठीचा माणूस, गार कान. दोघंही रडलो. कुत्रं घेऊन चाललेली एक बाई लांबून वळून गेली. तिकडे माणसं दुसऱ्याच्या रडण्याला जागा देतात. आपल्याकडे चार जणी येऊन पाणी पाजतात. त्या वेळी मला त्यांचंच बरं वाटलं.

मग त्याचं लक्ष पाण्याकडे गेलं. करडी रेघ जवळ आली होती. "ऊठ! भरती लागली. तुझी तरी काढू."

मी उठून पुढं झाले तर त्यानंच दटावलं, "आता पाऊल हलवू नकोस, तुडवशील." शिंपल्याभोवती बोटानं चौकोन आखला आणि जाळीच्या फावड्यानं एका बाजूनं वाळू उचलायला लागला. शेजारच्या डबक्यात हलवायचा, जाळीत बघायचा, पुन्हा. शिंपले. खडे. पुन्हा शिंपले. पाण्याची पहिली पातळ जीभ चौकोनाशी येऊन गेली. डेरेकही धावत आला आणि हातानंच वाळूचा बांध घालू लागला, कशासाठी ते न विचारता. मी तोंडानं गणपतीचा धावा चालवला होता. आणि मग बाळूनं फावडं हलवायचं थांबवलं. जाळीच्या कोपऱ्यात, शेवाळाच्या धाग्यात गुरफटलेली माझी नथ.

डेरेकनं टोपी काढली. बाळूनं ती नथ तळहातावर घेतली. त्या पहिल्या संध्याकाळी बघितली नव्हती, ती आता बघितली. पिण्याच्या पाण्याची बाटली उघडून एकेक मोती धुतला, रुमालानं टिपला. मी हात पुढं केला, पण त्यानं ती हातावर ठेवली नाही.

"घाल ना," म्हणाला.

"इथं? अरे, अशी, ह्या कोटावर, डोक्याला लोकरीची टोपी घालून?"

"घाल."

मी घातली. थंडीनं नाक बधिर झालेलं, भोक सापडेना, तार टोचली, डोळ्यांत पाणी आलं. एकदाची बसली. बाळू उभा राहून बघत होता. वैशूचा कोट, वैशूचे बूट, आणि तशीच नथ. पाणी आमच्या पायांवरून गेलं तरी तो हलला नाही.

"तिची जरा जास्त खाली यायची," तो म्हणाला. "ओठापर्यंत. चहा पिताना ती अशी बोटानं उचलून धरायची."

"मी नाही धरत," मी म्हटलं. "मी काढूनच ठेवते."

"उद्यापण घालशील?"

माझ्या जिभेवर आलं होतं, तू चल माझ्याबरोबर, जन्मभर घालीन. पण त्याला ते ठाऊक होतं, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. "घालीन की," म्हटलं.

हीथ्रो

उरलेले दिवस मी नथ घालून काढले. सुपरमार्केटात घालून गेले, बेलग्रेव्ह रोडच्या देशी बाजारात मेथी आणायला घालून गेले. तिथल्या दुकानातल्या गुजराती बाईंनी लग्न कुणाकडे आहे विचारलं. "आमच्याकडे," म्हणून मी मोकळी झाले. चहा पिताना ती उचलून धरायला शिकले. पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो. मी मशीन हातात घेतलं नाही. नुसती पुढं चालले, खांबांच्या दोन रांगांमधून, खाली बघत, तोंड बंद ठेवून. मागे तो थाळी फिरवत येत होता, डावीकडून उजवीकडे. मी एकदाही वळून बघितलं नाही आणि एक शब्दही बोलले नाही. मला एवढं गप्प राहता येतं हे आमच्या ह्यांना सांगितलं तर पटायचं नाही.

खोलीचा विषय मी पुन्हा काढला नाही. मुक्ताला फोनवर सांगितलं, राहू दे त्याला, तूच एखाद्या शनिवारी इकडे ये. ती म्हणाली, "आत्या, मी आला तर त्याला चालेल?" म्हटलं, येताना आईचा एखादा स्वेटर घालून ये.

बाळू सोडायला हीथ्रोपर्यंत आला. तपासणीच्या रांगेपाशी मी त्याला नमस्कार करू दिला, पाठीवर थाप मारली, जेवत जा म्हणाले, घावनाला तवा आधी तापू द्यावा म्हणाले. रांग सरकली. वळणावर मी मागं वळून हात हलवला. त्यानंही हलवला. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो नथेकडे बघत होता.

मी मागच्या माणसांना पुढं जाऊ दिलं आणि चेहरा त्याच्याकडे करून उभी राहिले.